वजीरचा बाप

कुरणवाडीच्या मारुतीच्या पारावर, दोन-अडीचशे माणसांच्या देखत, यंत्राने स्वच्छ मराठीत सांगितलं की तुळशीराम पोळांचा वजीर हा बैल थोडासा कोंबडी आहे.

"खिलार, चौसष्ट टक्के," यंत्रातली बाई म्हणाली. "जर्सी गाय, एकवीस टक्के. कोंबडी, नऊ टक्के. हरभरा, सहा टक्के. धन्यवाद."

मग मागून कुणीतरी "कुकूच कू" केलं आणि अख्खा पार फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. वजीर मात्र मान ताठ धरून, आपली लांब काळी शिंगं मिरवत उभा होता. त्याला आपल्या कुळाची काही फिकीर नव्हती.

"तुळशीराम," हणमंत गलांडे गर्दीतून ओरडले, "उद्या पहाटं आरवला तर आमालाबी उठीव रं!"

तुळशीराम आप्पांचं तोंड विटकरीसारखं लाल झालं. हणमंत गलांडे म्हणजे त्यांचे बांधाशेजारी. गेली सात वर्षं दोघांत बोलणं नव्हतं, आणि सात वर्षांनी माणूस बोलला तो हे बोलला!

यंत्र चालवत होती ती मयुरी, आप्पांचीच लेक. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून ती गेल्याच वर्षी लागली होती. डब्याएवढं ते यंत्र जनावराच्या तोंडातली लाळ घेऊन अर्ध्या तासात त्याचं सगळं कूळ वाचून दाखवायचं, म्हणून गावाने त्याचं नाव 'पोथी' ठेवलं होतं आणि तिचं 'पोथीवाली बाई'. भैरोबाच्या जत्रेतल्या शर्यतीत आधीच्या वर्षी एकाने फेरीगणिक बैल बदलून पळवले होते. तेव्हापासून पंच कमिटीने नियम केला, की बैल अस्सल खिलार पाहिजे, त्याच्या आईबापाचं नाव पोथीने वाचलेलं पाहिजे, आणि पळताना तोच बैल आहे हे सुरुवातीच्या रेषेवर पुन्हा तपासलं पाहिजे. चाबूक बंद झाला, टोचणी बंद झाली, आता थापाही बंद.

आणि वजीर पळणार की नाही, यावर आप्पांचा जीव टांगला होता. मागच्या जत्रेला वजीरला ताप भरला, त्याआधीच्या जत्रांना तो लहान होता. यंदा तो सहा वर्षांचा, ऐन भरातला. भैरोबाची मानाची ढाल एकदा तरी आपल्या दारात यावी, एवढी एकच इच्छा आप्पांनी आयुष्यभर उराशी धरली होती. त्यात आठवड्यापूर्वी वजीरचा जोडीदार सोन्या खुराला भेग पडून बसला. आता हे.

घरी आल्यावर आप्पा ओसरीवर दावं वळायला बसले. ते रागावले की दावं वळत. गोठ्यात जनावरं पाच आणि दावी चाळीस होती, यावरून त्यांच्या स्वभावाचा अंदाज यावा.

"आप्पा," मयुरी समोर बसली, "मी सांगितलं होतं ना, तपासणीआधी चार तास वजीरला काही खायला घालू नका?"

"पाचच मिंटं आधी घातलं. चार तास कुठं?"

"काय घातलं?"

आप्पा दाव्याकडे बघत म्हणाले, "काय न्हाय. दोन लिटर दूध. सहा अंडी. आन् मूठभर भिजवल्यालं हरभरं."

आतून आई, शालन, म्हणाली, "मला चहाला दूध ठेवलं न्हाय, आन् बैलाला दोन लिटर!"

"आगं, परीक्षेला जानाऱ्या लेकराला उपाशी धाडत्यात का? हिच्या बारावीला दही-साखर दिलीच की!"

मयुरीला हसू आवरेना. ती पोट धरून हसली, आणि मग बापाचा चेहरा बघून गप्प झाली. "आप्पा, पोथी खोटं बोलली नाही. वजीरच्या तोंडात जे जे होतं ते सगळं तिनं वाचलं. दुधात गाईच्या पेशी उतरतात. अंड्यात कोंबडीच्या असतात. अन् प्रत्येक पेशीत डीएनए असतोच."

"त्यो डीएनए डीएनए करतीस, त्यो हाय तरी काय?"

मयुरीने त्यांच्या हातातलं अर्धवट दावं घेतलं. "हे बघा. दोन पदर एकमेकांभोवती वळलेत. डीएनए असाच असतो, फक्त इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. आता समजा प्रत्येक पदरात मणी ओवलेत, चारच तऱ्हेचे. ए, टी, जी आणि सी. या पदरात ए असला की समोरच्या पदरात टीच येणार. जीच्या समोर सीच. दुसरं काही बसतच नाही."

"म्हंजे एक पदर हरवला तर दुसऱ्यावरनं वळता येतो."

मयुरी चकित झाली. हे समजायला तिला कॉलेजात एक आख्खा आठवडा लागला होता. "अगदी तेच! पेशीची दुसरी पेशी होताना दोन्ही पदर सुटतात, अन् प्रत्येकावर नवा जोडीदार वळला जातो. म्हणून वजीरच्या खुरात, शेपटीत, कानात, सगळीकडं तेच दावं."

"पर चार मण्यांत येवढा बैल मावला कसा?" आप्पांचा राग आता उत्सुकतेला वाट देऊ लागला होता.

"हलगीला ठोके किती असतात, आप्पा?"

"आसत्याल चार-पाच."

"मग घरात बसून, नुसतं ऐकून कसं सांगता, की वरात चाललीय, का कुस्ती लागलीय, का कुणाला पोचवायला निघालेत?"

"ठोक्यात काय नसतंय, ठोक्यांच्या वळीत आसतंय. कंच्यामागं कंचा, त्याच्यात."

"मण्यांचंही तसंच आहे. त्यांच्या क्रमात सगळं लिहिलेलं असतं. तीन-तीन मण्यांचा एक शब्द. एकेका शब्दाला शरीर एकेक घटक आणतं, ते घटक ओळीनं जोडून प्रथिनं होतात, अन् प्रथिनांनी शिंग कसं वळावं, कातडी किती पांढरी व्हावी हे ठरतं. असे दोनशे सत्तर कोटी मणी. एक संच आईकडून, एक संच बापाकडून. वजीर म्हणजे अर्धी चांदणी गाय अन् अर्धा त्याचा बाप."

"नरसिंग," आप्पांनी अभिमानाने पुरं केलं.

नरसिंग हा वळू केंद्रातला नामांकित वळू. सात वर्षांपूर्वी चांदणी माजावर आली तेव्हा आप्पांनी त्याचं रेत मुद्दाम मागवून तिला कृत्रिम रेतनाने भरवलं होतं. पुढं वजीर झाला आणि नरसिंगाचा फोटो आप्पांच्या ओसरीवर, मयुरीच्या पणजोबांच्या फोटोशेजारी लागला. दसऱ्याला दोघांनाही सारखाच हार पडायचा. आल्यागेल्याला, सोयऱ्याधायऱ्याला, पोस्टमनलासुद्धा आप्पा ते कूळ ऐकवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचबाईंना साक्षीला बोलावून मयुरीने वजीरच्या शेपटीच्या गोंड्यातले पाच केस मुळासकट उपटले. केसाच्या मुळाशी जिवंत पेशी असतात आणि त्या दूध पीत नाहीत. पोथी अर्धा तास गुणगुणली.

"खिलार, शंभर टक्के," यंत्रातली बाई म्हणाली.

आप्पांनी टोपी उडवली ती गोठ्याच्या आढ्याला अडकली. सरपंचबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि चहा घेऊन त्या गेल्या. आप्पा टोपी काढायला शिडी आणायला धावले, आणि तेवढ्यात पडद्यावर खालची ओळ उमटली. ती फक्त मयुरीने वाचली.

नरसिंग जुळत नव्हता. बापाच्या प्रत्येक दोन मण्यांतला एक मुलात उतरलाच पाहिजे, आणि इथं हजारो जागी नरसिंगाचा एकही मणी वजीरमध्ये नव्हता. त्याऐवजी पोथीने दुसरंच नाव काढलं होतं. बैलाकडून बैलाकडे वाय गुणसूत्र जसंच्या तसं उतरतं, तेही त्याच नावाशी जुळत होतं. खंड्या. मालक, हणमंत गलांडे.

मयुरीने तो निकाल पुन्हा एकदा वाचला.

खंड्या म्हणजे गलांड्यांचा साधा औताचा बैल. आता दहा वर्षांचा, कधीच खच्ची न केलेला, पोट सुटलेला, एक शिंग वाकडं. मयुरीने सगळ्या गावच्या जनावरांच्या नोंदी केल्या तेव्हा त्याचाही केस घेतला होता. तिने बोटांवर महिने मोजले आणि तिला सात वर्षांपूर्वीची जत्रा आठवली. त्या सकाळी चांदणीचं रेतन करून सगळं घर शर्यती बघायला गेलं होतं. दुपारी परत येतात तर खंड्या, तेव्हाचा तीन वर्षांचा खोंड, कुंपण मोडून यांच्या मक्यात बसलेला. अर्धा एकर मका आडवा. आप्पांनी हणमंतकाकांना नाही नाही ते ऐकवलं, काकांनी दुप्पट ऐकवलं, आणि बोलणं संपलं. आप्पांनी तेव्हा मक्याचं एकेक ताट मोजलं होतं. चांदणी गाय त्याच मक्याच्या कडेला बांधलेली होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि नियम असा होता, की शर्यतीच्या फॉर्मवरचं बापाचं नाव बदलायचं तर त्या बापाच्या मालकाची सही लागते. मुदत गुरुवार संध्याकाळ. सांगितलं तर आप्पा जत्रेचं नाव काढणार नाहीत. नाही सांगितलं तर वजीर पळणार नाही. शिडीवर चढून टोपी काढणाऱ्या, तोंडभर हसणाऱ्या बापाकडे बघून तिला वाटलं, पोथी तालुक्याच्या तळ्यात फेकून द्यावी.

पण जिच्या यंत्राने गावापुढं खरं सांगितलं, तिने घरात खोटं बोलायचं, हे तिला जमणारं नव्हतं. जेवणं झाल्यावर तिने सांगून टाकलं.

आप्पा उठले, नरसिंगाच्या फोटोपुढे उभे राहिले आणि त्यांनी फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला.

"सहा वर्सं," ते म्हणाले, "सहा वर्सं दुसऱ्याच्या बापाला हार घातला म्या."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. "मका मोजला, गाय मोजली न्हाय."

"तू गप! हणमंत्याच्या दारात जाऊन सही मागू? त्यापरास बैल इकतो!"

"वजीर इकाल?" आईने विचारलं. तिचं हसू आता थांबलं होतं.

आप्पांनी नवं दावं वळायला घेतलं.

बुधवार तसाच गेला. आप्पा जेवले नाहीत. जोडीला म्हणून आणलेल्या उसन्या बैलाबरोबर वजीरला जुंपून बघितलं, तर दोघे दोन दिशांना ओढत राहिले. गुरुवारी दुपारी मयुरी गोठ्यात गेली तर वजीर सुटलेला. बांधावर येऊन बघते, तर तो कुंपणाच्या अलीकडून धावत होता आणि पलीकडून गलांड्यांचा भिंगऱ्या. दोघांची टाप एका वेळेला पडत होती. हे दोघे वासरं होती तेव्हापासून असेच पळायचे, आणि दोन्ही मालक आपापल्या बाजूने ओरडून त्यांना हाकलायचे. मयुरी आजवर ते नुसतं बघत आली होती. आज तिला माहीत होतं, की नोंदींप्रमाणे भिंगऱ्याही खंड्याचाच.

आप्पा तिच्या मागे येऊन कधी उभे राहिले, तिला कळलंच नाही.

"हे दोगं भाऊ?"

"बाप एक. आई वेगळी."

आप्पा बघत राहिले. वजीर इतका मोकळा पळताना त्यांनी खूप दिवसांत बघितला नव्हता. त्यांचे डोळे भरले ते त्यांनी उपरण्याने पुसले आणि धुळीला शिवी दिली.

"शालन!" त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "टावेल-टोपी काढ. नारळ हाय का घरात?"

हणमंतकाका अंगणात बाजेवर बसले होते. सात वर्षांनी दारात आलेला तुळशीराम, हातात ताट, ताटात टॉवेल-टोपी-नारळ, मागे बायको आणि लेक, हे बघून ते बाजेवरून उठायचेच विसरले.

मयुरीने कागद पुढं केला आणि सगळं सांगितलं. काका ऐकत गेले, तसे त्यांचे डोळे मोठे मोठे होत गेले. शेवटी ते दावणीला बांधलेल्या खंड्याकडे वळले.

"खंड्या! लबाडा! आन् मला वाटलं, तू मका खायला गेलतास!"

"काका, सही..." मयुरी म्हणाली.

"थांब, पोरी." काका बाजेवर ऐसपैस टेकले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आमी वरपक्ष. पोराकडचं. सात वर्सांचा मानपान ऱ्हायलाय. आमच्या पोराला चोर म्हनलास, लुच्चा म्हनलास, काठीनं मारलंस..."

आप्पांची मान खाली गेली. "मारलं. चुकलं माजं, हणमंता."

मयुरीने बापाला कुणापुढे 'चुकलं' म्हणताना जन्मात ऐकलं नव्हतं. काकांनीही ऐकलं नसावं, कारण त्यांचा सगळा थाट एकदम उतरला. ते उठले, ताट घेतलं, टोपी डोक्यावर घातली.

"माजंबी कुटं बराबर हुतं? अर्धा एकर मका गेला, आन् म्या हसलो. परवा पारावरबी हसलो." त्यांनी पेन मागितला. "सही देतो. पर एक अट हाय, व्याही. वजीरच्या जोडीला माजा भिंगऱ्या."

आप्पांनी काकांना कडकडून मिठी मारली, आणि पेन त्या मिठीत सापडून काकांच्या नव्या टोपीला निळी रेघ उमटली.

शर्यतीच्या दिवशी माळ माणसांनी फुलला होता. प्रत्येक जोडी सुरुवातीच्या रेषेवर आली की मयुरी केस घ्यायची. ओळख पटवायला पोथीला मिनिटभर पुरायचं, आणि निकाल कर्ण्यावरून सगळ्या माळाला ऐकू जायचा. वजीर आणि भिंगऱ्या छकडीला जुंपून आले तेव्हा गर्दीतून पुन्हा एकदा "कुकूच कू" झालं. आप्पांनी हात वर करून ते हसत स्वीकारलं.

"वजीर," कर्ण्यातून बाई बोलली. "खिलार. आई चांदणी. बाप खंड्या."

माळावर कुजबुज पसरली. नरसिंगाचं काय झालं?

"भिंगऱ्या. खिलार. आई तांबडी. बाप खंड्या."

मग ज्यांच्या ध्यानात आलं त्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि ज्यांच्या नाही आलं त्यांना शेजारच्यांनी समजावलं. आप्पा स्वतः कर्णेवाल्याजवळ गेले, माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "आयका! सहा वर्सं म्या सांगत आलो, माज्या बैलाचा बाप नरसिंग. त्ये खोटं हुतं. ह्यो हणमंत गलांड्यांच्या औताच्या बैलाचा ल्योक हाय. आन् आता बगा!"

झेंडा पडला. मयुरीने डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण न बघणं जमेना. आठ जोड्यांची धूळ उठली. पहिल्या निम्म्या अंतरात पिंपरीची जोडी पुढं होती. मग धुळीतून दोन पांढरी डोकी बाहेर आली, एकाच उंचीवर, एकाच लयीत. हाकणारा नुसता ओरडत होता, आणि ते दोघे बांधाच्या कडेने पळावं तसे पळत होते. आज मधे कुंपण नव्हतं, एवढाच फरक. एका छातीच्या फरकाने ते पुढं गेले, आणि त्याच फरकाने ढाल कुरणवाडीत राहिली.

आप्पा आणि हणमंतकाका एकमेकांना उचलू लागले. दोघांनाही दुसऱ्याला उचलणं झेपेना, म्हणून दोघेही पडले, आणि पडल्या पडल्या हसत राहिले. मयुरी हसत होती आणि रडतही होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

दुपारी पोळांच्या अंगणात पंगत बसली. ढाल आधी कुणाच्या दारात ठेवायची यावरून दोघांत पुन्हा भांडण होणार, असं आईला वाटत होतं. तोडगा निघाला तो असा, की ढाल खंड्याच्या दावणीला लावायची. आप्पा व्याह्यांच्या ताटात आग्रहाने पुरणपोळी वाढत होते. तेवढ्यात हणमंतकाकांचा गडी धापा टाकत आला.

"मालक, ढाल लावाय गेलो तर दावं तुटल्यालं. खंड्या... खंड्या कुंपान मोडून पोळांच्या मक्यात शिरलाय!"

हणमंतकाकांच्या हातातला घास हातातच राहिला. ते अर्धे उठले. आप्पांनी त्यांचा दंड धरून त्यांना परत पाटावर बसवलं.

"बसा, व्याही. मक्याच्या कडंला चांदणीची ल्येक बांदल्याली हाय." त्यांनी शांतपणे पोळीवर तुपाची धार धरली. "कालपासनं माजावर हाय."

मग ते लेकीकडे वळले.

"मयरे, ह्या बारीला बापाचं नाव आत्ताच लिवून ठेव."